उंदीर वाचवायचेत ना, मग आधी प्रयोग तपासा

औषधांसाठी प्राण्यांवर प्रयोग करावेत की नाही यावरून सध्या जी भांडणं चालू आहेत ती वाचून माझं खरंच डोकं उठलंय. ग्रुपवर एकजण डोक्यात वायरी खुपसलेल्या माकडाचा फोटो टाकतो आणि खाली लिहितो की अमेरिकेनं हे सगळं बंद केलं, आपण मात्र अजून राक्षसच. लगेच दुसरा उसळतो की मग तुमच्या आईची बीपीची गोळी आजपासून बंद करा बघू. मग तिसरा शिवाजी पार्कच्या भटक्या कुत्र्यांवर घसरतो आणि विषय तिथेच मरतो. चर्चासत्रांत, चॅनलवर इंग्रजी जास्त आणि ओरडणं थोडं कमी, बाकी पातळी तीच. उंदीर की चिप (माणसाच्या पेशी वाढवलेला प्लास्टिकचा छोटा तुकडा), बोला, कुठल्या बाजूचे तुम्ही?

मी सुरुवातीलाच सांगून टाकते, मला दोन्ही बाजूंना उभं राहायचं नाहीये, आणि हे काठावर बसणं नव्हे. प्रयोग उंदरावर केला, पेशींवर केला की चिपवर केला हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की तो प्रयोग अशा रीतीनं आखलाय का, की आपली कल्पना चुकीची असेल तर तो आपल्याला तोंडावर तसं सांगू शकेल? तसा आखला नसेल तर उंदीर फुकट मेला. आणि उद्या उंदराच्या जागी चिप आली तरी पैसा, वेळ आणि शेवटी पेशंट फुकट जाणारच. मी लाइफ सायन्सेस शिकलेय, ॲनिमल हाऊसमधला तो भुस्सा आणि अमोनियाचा वास मला माहितीये, त्यामुळे हे फक्त बाहेरून बघून बोलत नाहीये.

आधी ती अमेरिकेची बातमी जागेवर ठेवू. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे जो कायदा झाला त्यानं प्राण्यांवरच्या चाचण्यांवर बंदी घातलेली नाही, नवीन औषध माणसावर वापरून बघण्याआधी ते प्राण्यांवर तपासलंच पाहिजे ही १९३८ पासूनची सक्ती काढली. म्हणजे चिप, ऑर्गनॉइड (पेशींपासून वाढवलेली अवयवाची चिमुकली प्रतिकृती), कॉम्प्युटर मॉडेल असा दुसरा पुरावा आणलात तर तोही चालेल, एवढंच. एप्रिल २०२५ मध्ये औषधांना परवानगी देणाऱ्या तिथल्या एफडीएनं पुढचं पाऊल म्हणून मोनोक्लोनल अँटिबॉडी (एका ठरावीक प्रोटीनला चिकटणारी) या प्रकारच्या औषधांपासून प्राणी हळूहळू कमी करत नेण्याची योजना जाहीर केली. आणि आपण मागे आहोत म्हणून जो गळा काढला जातो तोही खरा नाही, केंद्र सरकारनं मार्च २०२३ मध्येच औषध-चाचणीचे नियम बदलून बिनप्राण्यांच्या पद्धतींना दार उघडलंय, सौंदर्यप्रसाधनांसाठीच्या प्राणी-चाचण्या तर २०१४ मध्येच बंद झाल्या. त्यामुळे ‘बंद केलं’ आणि ‘बंद नाही केलं’ या दोन घोषणांमध्ये भांडणाऱ्यांपैकी कोणीही मूळ बातमी वाचलेली नाही एवढंच सिद्ध होतं.

आता स्ट्रोककडे येते, कारण हा सगळा वाद समजून घ्यायला स्ट्रोकएवढं चांगलं उदाहरण नाही. दर वर्षी २९ ऑक्टोबरला जागतिक स्ट्रोक दिन येतो, हॉस्पिटलं पोस्टर लावतात, तोंड वाकडं झालं का बघा, हात उचलता येतोय का बघा, बोलणं अडखळतंय का बघा, आणि एक मिनिटही घालवू नका. मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली तर मिनिटाला साधारण १९ लाख न्यूरॉन, म्हणजे मेंदूच्या पेशी, मरतात असा एक हिशोब २००६ मध्ये मांडला गेला होता, तोच आकडा सगळीकडे फिरतो. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि मुंबईत सायनला जाम लागलेला असताना साडेचार तास म्हणजे काय हे इथे कोणाला समजावायला नको. पण हे सगळं घाई घाई का? कारण त्या मरणाऱ्या न्यूरॉनना थोडा वेळ जगवून ठेवेल असं साधं, ॲम्ब्युलन्समध्येच देता येईल असं औषध आपल्याकडे नाही. ते का नाही? लोकांनी शोधलं नाही म्हणून? अजिबात नाही. भरपूर शोधलं.

२००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या काही संशोधकांनी बसून मोजदाद केली, तोपर्यंत स्ट्रोकवर प्रयोगशाळेत तपासलेले उपाय किती, तर १०२६. त्यातले ११४ माणसांपर्यंत पोचले. आणि गुठळी फोडणं, ॲस्पिरिन अशा रक्तप्रवाहाशी संबंधित गोष्टी सोडल्या तर मेंदूच्या पेशी वाचवणारं म्हणून माणसात ठामपणे चाललं असं एकही नाही. उंदरांमध्ये मात्र यातले कित्येक झकास चालले होते! प्राण्यांवरच्या प्रयोगांचे विरोधक हा आकडा घेऊन नाचतात आणि म्हणतात बघा, उंदीर म्हणजे माणूस नाही. बरोबर आहे, नाहीच. पण जरा आत जाऊन बघितलं की कळतं, बिचाऱ्या उंदराला यात फार दोष देता येत नाही.

प्रयोग कसे होत होते बघा. उंदीर तरुण, धट्टाकट्टा, बहुतेक वेळा नरच, ना बीपी, ना डायबेटिस. त्याच्या मानेतल्या धमनीतून नायलॉनचा बारीक दोरा वर सरकवून मेंदूची वाहिनी ठरलेल्या वेळेपुरती बंद करायची, आणि औषध द्यायचं ते वाहिनी बंद करायच्या आधी नाहीतर नंतर काही मिनिटांत. आणि माणसाला स्ट्रोक होतो तो साठी-सत्तरीत, वीस वर्षांची शुगर आणि बीपी अंगावर घेऊन, बायका पुरुष दोघांना, आणि तो हॉस्पिटलला पोचतो कित्येक तासांनी. यातल्या कुठल्या गोष्टीसाठी आपल्याला उंदराची जात बदलायला हवी होती? म्हातारा, जाड, बीपीवाला उंदीर मिळतो. उंदरीण पण मिळते. औषध तीन तास उशिरा देता येतं. पण हे सगळं केलं की खर्च वाढतो आणि रिझल्ट फिका पडतो, म्हणून करायचं नाही.

याहून वाईट म्हणजे मापायची पद्धत. कुठल्या उंदराला औषध दिलं आणि कुठल्याला नुसतं सलाइन हे ज्याला माहितीये, तोच नंतर मेंदूचे काप बघून डॅमेज किती ते ठरवणार, म्हणजे स्वतःच्याच पोराचा पेपर तपासणारा मास्तर झाला हा. मास्तर लबाड असायची गरज नाही, काठावरचा अर्धा मार्क आपोआप पोराच्या बाजूला पडतो. पिंजऱ्यातून उंदीर उचलताना पण तेच, जो सुस्त असतो तो आधी हाताला लागतो, चपळ शेवटी, आणि पहिले दहा एका गटात नि पुढचे दहा दुसऱ्या गटात टाकले की औषध द्यायच्या आधीच दोन गट वेगळे झालेले असतात. त्यासाठी फक्त चिठ्ठ्या टाकायच्या असतात हो! एनएक्सवाय-०५९ नावाचं एक औषध होतं, ॲस्ट्राझेनेकाचं, प्राण्यांत उत्तम, माणसांवरच्या पहिल्या मोठ्या ट्रायलमध्ये थोडा फायदा दिसला म्हणून सगळे खूश, आणि मग तीन हजारांहून जास्त पेशंटच्या दुसऱ्या ट्रायलमध्ये २००७ ला पूर्ण आपटलं. नंतर लोकांनी त्याचे जुने प्राण्यांवरचे पेपर परत काढून बघितले तर जिथे चिठ्ठ्या टाकून गट पाडले होते तिथे औषधाचा फायदा, चिठ्ठ्या न टाकलेल्या प्रयोगांच्या निम्म्याहूनही कमी दिसत होता. म्हणजे इशारा आधीपासून कागदावर होता, कोणी वाचला नाही.

आणि जे प्रयोग फसले ते गेले कुठे? २०१० मध्ये एका गटानं प्राण्यांमधल्या स्ट्रोकवरचे ५२५ पेपर एकत्र केले, त्यातल्या फक्त १० पेपरांनी ‘आम्हाला काही फरक दिसला नाही’ असं म्हटलं होतं. पाचशे पंचवीसमधून दहा! जगातल्या सगळ्या लॅबमध्ये सगळी औषधं चालतात असं मानायचं, नाहीतर फसलेले उंदीर ड्रॉवरमध्ये गेले असं म्हणायचं, मला दुसरं जास्त पटतं. म्हणजे मुंबईतल्या एखाद्या लॅबमध्ये जो प्रयोग फसला तोच तीन वर्षांनी हैदराबादमध्ये कोणीतरी परत करणार, परत उंदीर मारणार, कारण त्याला कळायला मार्गच नाही.

आता विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेते, कारण तो डावलून पुढे जाणं बरोबर नाही. मार्च २००६, लंडनचं नॉर्थविक पार्क हॉस्पिटल, टीजीएन१४१२ नावाची अँटिबॉडी सहा निरोगी तरुणांना दिली. माकडांमध्ये जो डोस सुरक्षित ठरला होता त्याच्या पाचशेव्या भागाएवढा डोस. तासा-दोन तासात सहाच्या सहा जणांना त्रास सुरू झाला आणि दिवस उलटायच्या आत सगळे मरणाच्या दारात, सगळी इम्यून सिस्टिम एकदम भडकलेली. वाचले सगळे, पण एकाच्या हातापायाची बोटं गेली. इथे प्रयोग ढिसाळ होता असं म्हणून सुटता येत नाही, इथे माकड खरंच वेगळं निघालं, ज्या पेशींवर ते औषध काम करतं त्या प्रकारच्या माकडाच्या पेशींवर ते ठरावीक प्रोटीन नव्हतंच. माणसाच्या पेशींवर नीट पद्धतीनं तपासलं असतं तर धोका दिसला असता, हे पुढे दाखवूनही झालं. तेव्हा अँटिबॉडीसारख्या, माणसाच्याच एका विशिष्ट प्रोटीनला चिकटणाऱ्या औषधांसाठी प्राणी कमी करायचे हा एफडीएचा निर्णय मला अगदी शहाणपणाचा वाटतो. त्यावर ‘पाश्चात्य फॅड’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे प्रकरण एकदा वाचावं.

पण मग इथूनच उडी मारून ‘सगळेच प्राणी निरुपयोगी’ म्हणायचं? स्ट्रोकमध्ये जे एक इंजेक्शन चालतं, ज्याच्यासाठी आपण सायनच्या जाममध्ये हॉर्न मारत बसतो, ते टीपीए १९८५ मध्ये आधी सशांच्या मेंदूतल्या गुठळ्यांवर चाललं होतं, त्यावरून पुढे १९९५ ची माणसांवरची ट्रायल उभी राहिली. ससा माणूस नव्हता तरी चाललं. कारण प्रश्न साधा विचारला होता, गुठळी विरघळली आणि रक्त परत गेलं तर चालणं-वागणं सुधारतं का? आणि थॅलिडोमाइडचं, म्हणजे गरोदर बायकांना मळमळीवर दिलेल्या त्या औषधाचं नाव तर दोन्ही बाजू तितक्याच जोरात घेतात, एक म्हणते प्राण्यांवर तपासूनही पोरं हातापायांशिवाय जन्मली, दुसरी म्हणते नीट तपासलं नाही म्हणून जन्मली. झालं काय होतं, तर बाजारात आणण्याआधी गाभण प्राण्यांवर ते तपासलंच नव्हतं, आणि नंतर तपासल्यावर उंदरात फारसं काही दिसेना, सशात आणि माकडात मात्र दिसलं. मग हे उदाहरण नक्की कोणाचं? ज्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं तो प्रश्न विचारलाच गेला नाही, याचं ते उदाहरण आहे.

चिपबद्दल मला कौतुक आहे, खोटं कशाला बोलू. पेनड्राइव्हएवढ्या प्लास्टिकच्या तुकड्यात बारीक नळ्या, त्यात माणसाच्या लिव्हरच्या पेशी, शेजारून द्रव वाहतोय. २०२२ मध्ये आलेल्या एका पेपरात अशा ८७० चिपांवर २७ औषधं तपासली होती, त्यातली लिव्हर खराब करणारी ८७ टक्के औषधं चिपनं पकडली आणि चांगल्या औषधावर उगाच आळ एकदाही घेतला नाही. यातली बरीच औषधं प्राण्यांच्या चाचण्यांतून सुखरूप सुटून आली होती, म्हणजे उंदराला जे दिसलं नाही ते चिपला दिसलं. हे छोटं काम नाही. पण ते २७ औषधांवरचं आहे, एका अवयवाचं आहे, आणि चिप बनवणाऱ्या कंपनीनंच केलेलं आहे. आपण औषध कंपनीनं स्वतःच्या औषधाचं केलेलं कौतुक चिमूटभर मीठ टाकूनच घेतो ना, मग इथे का नको? आणि स्ट्रोक हा एका अवयवाचा आजार नाहीये. बीपी चढतं, ताप येतो, प्लीहेतून इम्यून पेशी मेंदूत घुसतात, पेशंटला नंतर न्यूमोनिया होतो, आठवड्यानं तो घास गिळू शकतो का, महिन्यानं शर्टाचं बटण लावू शकतो का यावर आपण औषध चाललं म्हणायचं की नाही ते ठरवतो. चिपला बटण लावता येत नाही. आज नाही.

शिवाय ‘क्रुएल्टी-फ्री’ असं लेबल लावून जे विकलं जातं त्याच्या आत पण डोकवा. पेशी वाढवायला बहुतेक ठिकाणी फीटल बोव्हाइन सीरम वापरतात, ते येतं कापलेल्या गाभण गायीच्या पोटातल्या वासराच्या रक्तातून. ऑर्गनॉइड ज्या जेलीत वाढवतात ती मॅट्रिजेल, ती उंदराच्या अंगात वाढवलेल्या ट्यूमरमधून काढतात. लॅबमध्ये काम केलेल्या प्रत्येकाला हे माहिती असतं, ग्रुपवर फॉरवर्ड करणाऱ्याला नसतं. याला पर्याय येतायत, हळूहळू येतायत, पण आज तरी उंदीर पिंजऱ्यातून निघून बाटलीत गेलाय एवढंच. आणि पेशींचे घोटाळे काय कमी आहेत? हीला पेशी १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या ट्यूमरमधून घेतल्या, त्या इतक्या माजोरड्या की शेजारच्या डिशमध्ये एक थेंब उडाला तर तिथल्या मूळ पेशी संपवून स्वतःच राज्य करतात. चुकीच्या नावानं फिरणाऱ्या सेल लाइनची (लॅबमध्ये सतत वाढवत ठेवलेल्या पेशींची) जी आंतरराष्ट्रीय यादी आहे तिच्यात पाचशेच्या वर नावं आहेत. कोणी लिव्हरचा कॅन्सर म्हणून वर्षानुवर्षं अभ्यास करतंय आणि डिशमध्ये भलत्याच अवयवाचा कॅन्सर! जो माणूस चिठ्ठ्या न टाकता उंदीर वाटतो तोच माणूस तपासल्याशिवाय पेशी वापरतो, उपकरण बदललं म्हणून सवय कशी बदलेल?

आपल्याच शहरात सव्वाशे वर्षांपूर्वी काय झालं ते बघण्यासारखं आहे. १८९६ मध्ये मांडवीला प्लेग सुरू झाला, हाफकिन हा शास्त्रज्ञ ऑक्टोबरमध्ये मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत प्लेगची लस बनवली, आधी सशांवर वापरून बघितली आणि १० जानेवारी १८९७ ला स्वतःच्या अंगात टोचून घेतली. बहुतेक लोक ही गोष्ट इथेच संपवतात, स्वतःला टोचून घेणारा शूर शास्त्रज्ञ. पण माझ्या मते महत्त्वाचं काम पुढचं आहे, महिनाअखेरीला भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा ज्या कैद्यांनी तयारी दाखवली त्यांना लस दिली, बाकीच्यांना दिली नाही, आणि एकाच छताखाली, तेच अन्न खाणाऱ्या दोन गटांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. (कैद्याची ‘तयारी’ म्हणजे कितपत तयारी हा प्रश्न आहेच, आजच्या कुठल्याही एथिक्स कमिटीत हे पास होणार नाही.) हाफकिन वाचला, यावरून लस माणसात चालते हे कळलं नसतंच, कारण त्याला प्लेग झाला असता की नाही हेच माहिती नाही. कळलं ते तुलनेमुळे. पुढे १९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवाल गावी लस घेतलेली १९ माणसं धनुर्वातानं गेली आणि सगळा ठपका हाफकिनवर आला, वर्षानुवर्षं तो माणूस त्या डागासकट जगला. त्याला शेवटी वाचवलं कशानं? त्या सगळ्यांना टोचलेली लस एकाच बाटलीतली होती, क्रमांक ५३-एन, आणि ती बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, या नोंदींनी. परळच्या त्या इन्स्टिट्यूटला १९२५ मध्ये त्याचं नाव दिलं, आपण बसमधून जाताना बोर्ड वाचतो.

आणि ‘प्राणी नकोत म्हणालात तर माणसं मरतील’ असं जे मोठ्या आवाजात म्हणतात त्यांना मुंबईचं जे.जे. हॉस्पिटल आठवतंय का? १९८६ च्या सुरुवातीला तिथे ग्लिसरॉल दिलेले १४ पेशंट गेले, डोळ्यातला किंवा मेंदूतला दाब कमी करायला दिलेलं साधं ग्लिसरॉल, त्यात डायएथिलिन ग्लायकॉल मिसळलेलं होतं. हे विष आहे हे जगाला १९३७ पासून माहिती होतं, अमेरिकेत एका सिरपमुळे शंभरहून जास्त माणसं, त्यात कितीतरी लहान मुलं गेली होती, त्यावरूनच तर १९३८ चा तो सक्तीचा कायदा आला. म्हणजे प्राण्यांवर तपासणी हवी याचा धडा आणि जे.जे.चे मृत्यू, दोन्हीकडे विष एकच. पण जे.जे.त उंदीर कमी पडला नव्हता. बॅच तपासायला लागतं ते काचेच्या नळीतलं रसायनशास्त्र, ते कोणी केलं नाही, आणि चौकशीला नेमलेल्या लेंटिन आयोगानं खरेदीपासून मंत्रालयापर्यंत सगळं उघडं पाडलं. एवढं होऊनही तेच विष कफ सिरपच्या बाटल्यांत परत परत सापडतं, मुलं परत परत जातात. तेव्हा प्राणी-चाचणी म्हणजे सुरक्षिततेचं कवच असं जे बोललं जातं ते अर्धवट आहे.

प्राणी खरोखर कमी होतात ते कसे, याचं मला आवडणारं उदाहरण घरगुती आहे. बाईला दिवस गेलेत का हे बघायला १९२० च्या दशकाच्या शेवटापासून तिची लघवी उंदरीण किंवा सशाला टोचायचे आणि मग तो प्राणी कापून त्याची ओव्हरी बघायचे. नंतर बेडूक आले, त्यांना निदान मारावं लागत नव्हतं, अंडी घातली की रिझल्ट कळला. १९६० मध्ये अँटिबॉडीवरची टेस्ट आली आणि आज कुठल्याही मेडिकलमध्ये पट्टी मिळते, पाच मिनिटांत दोन रेघा. ते ससे सुटले मोर्चामुळे नाही आणि कायद्यामुळेही नाही, नवीन टेस्ट जुन्या टेस्टच्या शेजारी ठेवून, त्याच बायकांच्या नमुन्यांवर, जास्त अचूक आहे हे दाखवता आलं म्हणून. उलट १९७८ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारनं ऱ्हीसस माकडांची निर्यात बंद केली, चांगलंच केलं, पण त्यानं जगातले माकडांवरचे प्रयोग थांबले नाहीत, तिकडच्या लोकांनी स्वतःच्या माकडांच्या कॉलनी वाढवल्या.

आता एक आक्षेप असा, आणि तो मला स्वतःला टोचतो, की प्रयोग नीट करायचे म्हणाल तर प्राणी वाढतील. खरं आहे. सहा-आठ उंदरांच्या गटातून काहीच धड कळत नाही, संख्या वाढवावीच लागते. अमेरिकेत स्ट्रोकसाठी सहा लॅबनी मिळून अशी एक चाचणी-साखळी उभारली, म्हातारे उंदीर, जाड उंदीर, बीपीवाले उंदीर, नर-मादी दोन्ही, चिठ्ठ्या टाकून गट, आणि ज्यांना कुठला गट कुठला हे माहिती नाही अशा लोकांनी व्हिडिओ बघून मार्क दिले. त्यात अडीच हजारांहून जास्त प्राणी लागले. सहा उपाय स्पर्धेत होते, आधीच ठरवलेली रेघ त्यातल्या एकानंच ओलांडली, युरिक ॲसिडनं. अडीच हजार हा आकडा वाचून वाईट वाटतंच. पण १०२६ उपायांसाठी सुट्या सुट्या लॅबमध्ये जे प्राणी गेले त्यांची बेरीज कोणी केलीये का, आणि त्यातून हातात काय आलं? इथे निदान पाच दारं बंद झाली हे सगळ्या जगाला कळलं, त्या दारांवर आता परत कोणी डोकं आपटायला नको. आणि ज्यांना एकही प्राणी मारणं नैतिकदृष्ट्या मान्यच नाही त्यांच्याशी माझं भांडण नाही, ती भूमिका मी आदरानं ऐकते, फक्त ती घेताना ‘नाहीतरी उपयोग होतच नाही’ अशी सोयीची पळवाट काढू नये, उपयोग होतो तरीही नको असं सरळ म्हणावं.

दुसरा आक्षेप, आपल्याकडे समित्या आहेत ना. आहेत. प्रत्येक संस्थेत प्राणी-नैतिकता समिती असते, तिच्यात व्हेटरनरी डॉक्टर असतो, बाहेरचा शास्त्रज्ञ असतो, सरकारनं नेमलेला एक ‘सोशली अवेअर’ सदस्यही असतो. पिंजरा केवढा, भूल कुठली, शेवटी मारणार कसं, हे सगळं विचारतात आणि विचारायलाच हवं. पण त्याच नेटानं चिठ्ठ्या टाकणार का, मोजणाऱ्याला गट माहिती असणार का, फरक काही दिसला नाही तरी छापणार का हेही विचारलं पाहिजे, आणि उत्तर नाही असेल तर फाइल परत पाठवायची ताकद त्यांच्यात पाहिजे. भूल नीट देऊन निरर्थक प्रयोग केला तर त्या उंदराचं काय भलं झालं?

माणसांवरच्या ट्रायलच्या बाबतीत आपण हे केलेलं आहे. १५ जून २००९ पासून भारतात कुठलीही क्लिनिकल ट्रायल सुरू करण्याआधी सीटीआरआय या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत नोंदवावी लागते, कोण, कुठे, किती पेशंट, काय मोजणार, सगळं आधी लिहायचं आणि ते कोणालाही घरबसल्या वाचता येतं. तेव्हाही कंपन्या म्हणाल्याच होत्या की गुपितं फुटतील, कागदपत्रं वाढतील. धंदा काही बुडाला नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी अशी सक्तीची जाहीर नोंदणी आपल्याकडे नाही. नेदरलँड्समध्ये २०१८ पासून आणि जर्मनीत २०१९ पासून अशा नोंदवह्या चालू आहेत, ऐच्छिक आहेत, पण आहेत, आणि जर्मनीच्या नोंदवहीत तर पेटंटवाल्यांसाठी काही वर्षं नोंद झाकून ठेवायची सोयही आहे, त्यामुळे गुपिताचा मुद्दा तिथेच निकालात निघतो. मी तर म्हणेन चिप आणि ऑर्गनॉइडवरचे जे प्रयोग औषधाच्या परवानगीसाठी पुरावा म्हणून द्यायचे आहेत तेही त्याच वहीत टाका, त्यांना वेगळी माफी कशाला. खर्च म्हणाल तर सीटीआरआयची यंत्रणा आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेकडे आधीच उभी आहे, तिच्यात आणखी एक फॉर्म वाढवायचाय. लॅबवाले कुरकुरतील की अजून एक फॉर्म, पीएचडीची पोरं आधीच फॉर्ममध्ये बुडालीयेत, आणि ते खोटं नाही, म्हणून तो फॉर्म समितीच्या अर्जातूनच भरला जाईल अशी सोय करा, तीच माहिती दोनदा मागू नका. ग्रुपवरच्या त्या माकडाच्या फोटोखाली भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी एवढी एकच मागणी एकत्र केली तर मी स्वतः पहिली सही करेन.